१८० बारला परत फिरायचं

फायरमन धुरात जाताना पाठीवर हवेचा सिलेंडर आणि तोंडावर मास्क लावतो तो बीए सेट (ब्रीदिंग अ‍ॅपरेटस, श्वसनसाधन) शिकायला येणाऱ्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर हा किती वेळ चालतो? आणि ह्या प्रश्नाचं सरळ उत्तर मी देत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी बऱ्याच जणांना वाटतं की ह्या माणसाला बहुतेक माहितीच नाही. कागदावर उत्तर आहेच की. सिलेंडरची मिनिटं छापलेली असतात, अमुक मिनिटांचा, तमुक मिनिटांचा. ही मिनिटं काढताना माणूस मिनिटाला ४० लिटर हवा घेतो असं धरलेलं असतं. आता हा ४० लिटर वाला माणूस कोण आहे मला माहीत नाही, मी त्याला अजून भेटलेलो नाही. खुर्चीत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटरवर भागवतो, आणि पाठीवर सेट, अंगावर जाड सूट, खांद्यावर होज घेऊन जिना चढणारा माणूस ६० ते ८० लिटर सहज ओढतो. घाबरला तर शंभरच्या पुढेही जातो. छापलेल्या मिनिटांमधला माणूस ना बसलेला आहे ना पळणारा, तो कुठेतरी मधे निवांत चाललाय आणि त्याला आग लागल्याचं अजून कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून मी मिनिटं सोडून लिटरवर येतो. आपला नेहमीचा काँपोझिट सिलेंडर ६.८ लिटरचा, पूर्ण भरला की ३०० बार (बार म्हणजे दाबाचं माप). गुणाकार केला तर २०४० लिटर हवा (प्रत्यक्षात थोडी कमीच भरते, इतक्या दाबाला हवा गुणाकाराचं पूर्ण ऐकत नाही, पण शिकवायला हा हिशोब चालतो). हवा कमी उरली की सेट आपोआप इशाऱ्याची शिट्टी वाजवतो, त्या शिट्टीखालची हवा ह्यातून बाजूला काढा. युरोपियन स्टँडर्डच्या सेटमध्ये शिट्टी साधारण ५५ बारला वाजायला लागते, पाच इकडे पाच तिकडे, म्हणजे पावणेचारशे लिटरच्या आसपास हवा आपली नाहीच असं समजायचं. उरली साडेसोळाशे. मिनिटाला ४० ने ती चाळीस मिनिटं पुरते, ८० ने वीस. एकच सेट, एकच सिलेंडर, आणि वेळ अर्धा. हे फळ्यावर मांडलं की वर्ग जरा शांत होतो, मग मागून कोणीतरी विचारतोच, म्हणजे सर हवा वाचवायला शिकायचं ना?

इथे माझी गाडी अडते, कारण हो पण आणि नाही पण.

श्वासावर ताबा मिळवता येतो, त्यात काही शंका नाही. जो माणूस पहिल्यांदा मास्क लावतो तो अर्धी हवा नुसती धास्तीत संपवतो, वरवरचे भराभर श्वास घेतो, त्यातली निम्मी हवा फुप्फुसाच्या कामाच्या भागापर्यंत पोचतच नाही, नुसती घशात आणि मास्कमध्ये ये-जा करते. त्याला सांगावं लागतं की बाबा आधी नीट सोड, मग घे. सावकाश, पोटातून, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ. काही ट्रेनर श्वास सोडताना हलका हुंकार द्यायला शिकवतात, हम्म्म असा लांब, आणि हा प्रकार ऐकायला विनोदी असला तरी कामाचा आहे, कारण हुंकार देत असताना श्वास घाईने सोडताच येत नाही आणि आवाज कानावर पडत राहिला की डोकं पण जागेवर राहतं. सरावाने फरक पडतो, फिटनेसने तर खूपच पडतो. हे सगळं मी शिकवतो आणि मनापासून शिकवतो.

पण ह्याच्या पुढे एक पायरी आहे आणि ती घसरडी आहे. बऱ्याच ठिकाणी ह्याची स्पर्धा लावतात. एकच सिलेंडर, तोच रस्ता, बघू कोणाचा जास्त टिकतो. जिंकला त्याच्यासाठी टाळ्या. पोरांना मजा येते, ट्रेनरला पण येते, आणि दोन-चार दिवसात पोरं श्वास रोखायला लागतात. एक श्वास घ्यायचा, धरून ठेवायचा, मग हळूच सोडायचा, गेज (सिलेंडरमध्ये किती बार उरले ते दाखवणारा काटा) बघितलं की खुश. मुळात आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. मेहनतीचं काम चालू असताना श्वास धरून ठेवला की तो आत साठत जातो, डोकं दुखायला लागतं, विचार मंद होतो, आणि मग शरीर हिशोब चुकता करतं, एकदम धापा सुरू होतात आणि वाचवलेली हवा व्याजासकट जाते. त्यात डोकं मंद होणं हे मला जास्त भीतीदायक वाटतं, कारण आत गेल्यावर आपल्याकडे दिसायला काही नसतं, तेवढं डोकंच असतं.

आणि स्पर्धेचा दुसरा तोटा असा की जो अंगाने मोठा आहे, छाती मोठी, वजन जास्त, त्याला हवा जास्तच लागणार, त्यात त्याची चूक काय? पण स्पर्धेत तो शेवटचा येतो, पोरं त्याला चिडवतात, आणि मग खरी पंचाईत होते: तो गेज खोटं सांगायला लागतो. रेडिओवर विचारलं किती, तर १५० असताना १८० म्हणतो. कधी शुद्ध लाजेने, कधी आपल्यामुळे सगळ्या टीमला बाहेर यावं लागेल म्हणून. एकदा मी अशाच एका दणकट पोराला बाजूला घेऊन विचारलं, अरे आकडा का फिरवलास? तर म्हणाला, सर नेहमी माझ्यामुळेच परत यावं लागतं, बरं वाटत नाही. त्याला काय ओरडणार. जो त्या टीममध्ये सगळ्यात आधी परत फिरायला लावतो तोच टीमचं घड्याळ असतो, सगळ्यांची वेळ त्याच्या गेजवर चालते, आणि ते घड्याळच लाजून मागे राहिलं तर चौघंही अडकणार. तेव्हापासून माझ्या वर्गात सिलेंडर किती टिकला ह्यावर कौतुक बंद.

मग शिकवायचं काय? माझ्या मते परत फिरणं. हवेचं सगळं ट्रेनिंग शेवटी इथेच येतं, की भरपूर हवा आहे असं वाटत असताना, काम अर्धवट असताना, स्वतःहून मागे वळायचं. ह्याला फुप्फुस कमी लागतं, बाकीचं जास्त लागतं.

हिशोब बघा. समजा आत शिरताना गेज २९०. धुरातून, भिंतीला हात लावत, होज ओढत तुम्ही कामाच्या जागी पोचलात, गेज २३०. म्हणजे जायला ६० बार लागले. जर्मनीच्या फायर सर्व्हिसचा जो श्वसनसाधनांचा नियम आहे, एफडब्ल्यूडीव्ही ७, त्यात परतीसाठी जाण्याच्या दुप्पट हवा धरायची असं सांगितलंय आणि मला तो नियम फार शहाणा वाटतो, कारण परत येताना माणूस दमलेला असतो, कदाचित कोणाला ओढत असतो, रस्ता चुकतो. तर परतीसाठी १२०. त्यात मी शिट्टीचे ६० वरून घालतो, ते नियमात असोत नसोत, माझ्या वर्गात आहेत. झाले १८०. म्हणजे २३० ला पोचलात आणि १८० ला निघायचंय, कामाला मिळाले ५० बार. ६.८ ने गुणा, ३४० लिटर. मिनिटाला ६० लिटर धरले तर सहा मिनिटंसुद्धा होत नाहीत.

सहा मिनिटं! एवढा मोठा सिलेंडर, एवढं ओझं, आणि हातात काम करायला सहा मिनिटं. हा आकडा निघतो तेव्हा पोरं पहिल्यांदा माझ्याकडे संशयाने बघतात, मग स्वतः गुणाकार करून बघतात, आणि तिथून पुढे शिकवणं सोपं जातं. कारण मग त्यांना कळतं की आत जाताना प्रत्येक मीटर विकत घेतलाय आणि त्याची परतीची किंमत दुप्पट आहे.

तरीपण १८० ला फिरणं जड जातं. गेज अर्ध्याच्या वर दाखवतंय, आग समोर दिसायला लागलीय, शेजारचा म्हणतोय दोन मिनिटं थांब रे होतंच आलंय. हे होतंच आलंय वालं वाक्य मी सरावात मुद्दाम घालतो. एखाद्या सिनियरला टीममध्ये पाठवतो आणि त्याला सांगून ठेवतो की ऐन वळायच्या वेळी म्हण, अजून एक खोली बघून घेऊ. बघायचं असतं की कोण त्याला नाही म्हणतं. सुरुवातीला कोणीच म्हणत नाही, सिनियर आहे ना. मग बाहेर आल्यावर त्यावर बोलतो, कोणाला न झापता. हा एक सराव मी दहा वेळा सिलेंडर रिकामा करण्यापेक्षा मोलाचा मानतो.

शिट्टीबद्दलचा गैरसमज हा तर स्वतंत्र विषय. बहुतेकांना शिट्टी म्हणजे बाईकची रिझर्व्ह वाटते, वाजली की आता पंप शोधायचा. जुन्या लोकांनीच ही सवय लावली, शिट्टी वाजली की बाहेर ये असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. ५५ बारमध्ये ह्या सिलेंडरला ३७४ लिटर उरतात, घाबरलेल्या माणसाला मिनिटाला ८० लिटर लागले तर पाच मिनिटंही नाहीत, आणि आत यायला त्याहून जास्त लागली असतील तर साधी वजाबाकी आहे, तो दारापर्यंत पोचत नाही. शिट्टी वाजते तेव्हा तुम्ही बाहेर असायला हवं. अमेरिकेत एनएफपीए ही संस्था आगीच्या कामाची स्टँडर्ड काढते, तिच्या १४०४ ह्या ट्रेनिंगच्या स्टँडर्डमध्ये हे स्पष्ट आलं की अलार्म वाजायच्या आधी धोक्याच्या जागेतून बाहेर पडायचं, आणि पुढे एनएफपीए १९८१ च्या २०१३ च्या आवृत्तीत सेटचा अलार्मच २५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर नेला. चांगलं केलं, पण मला एक भीती आहे, अलार्म वर सरकवला की माणूसही सोबत सरकतो, अरे आता तर तेहतीस टक्के आहेत, दोन मिनिटं काढू.

शिवाय ती शिट्टी कोणाची? चार जण एका खोलीत, एक शिट्टी वाजली, धुरात प्रत्येकाला वाटतं शेजाऱ्याची. आणि ताणात असलेल्या माणसाला कधीकधी स्वतःच्या खांद्यावरची शिट्टी ऐकूच येत नाही. हे पुस्तकात वाचून कोणी मान्य करत नाही, सरावात रेकॉर्डिंग दाखवलं की मान्य करतात.

हे नियम कोणी खुर्चीत बसून काढलेले नाहीत. २३ जानेवारी १९५८ ला लंडनच्या स्मिथफील्ड मार्केटच्या तळघरात आग लागली, कोल्ड स्टोरेजचा भूलभुलैया, दाट धूर, आणि दोन फायरमन आत हरवले, ऑक्सिजन संपला, तिथेच गेले. त्या काळात आत कोण गेलं, किती प्रेशर घेऊन गेलं आणि कधी बाहेर यायला हवं, ह्याची दाराशी पक्की पद्धत नव्हती. आज आपण सेटची टॅली (ओळखपट्टी) काढून कंट्रोल बोर्डवर लावतो, वेळ लिहितो, प्रेशर लिहितो, ती सगळी शिस्त ब्रिटनमध्ये ह्या आगीनंतर घट्ट बसली. बोर्डवर उभं राहायचा पोरांना कंटाळा येतो, सगळ्यांना आत जायचं असतं. मी त्यांना स्मिथफील्ड सांगतो. कंटाळा पूर्ण जात नाही, पण बोर्डवरचं अक्षर सुधारतं.

मग ३ डिसेंबर १९९९, अमेरिकेतलं वूस्टर शहर, रिकामं पडलेलं कोल्ड स्टोरेजचं गोदाम, जवळजवळ खिडक्याच नाहीत. आत बेघर लोक असतील म्हणून दोघं शोधायला गेले. ते लोक आधीच बाहेर पडलेले होते. दोघांना वाट सापडेना, रेडिओवर हवा संपत आल्याचं सांगितलं, त्यांना शोधायला बाकीचे गेले, आणि त्यातले आणखी चार परत आले नाहीत. एकूण सहा. मला ह्यात कोणाला दोष द्यायचा नाही, त्या इमारतीत मी असतो तर मीही गेलो असतो, कुठलाही फायरमन गेला असता. पण वर्गात ह्या घटनेवर बोलताना मी एकाच गोष्टीवर थांबतो: हवा संपल्याचं कळवलं तेव्हा बाहेरच्यांच्या हातात फारसं काही उरलेलं नव्हतं.

कारण वाचवायला जाणं आपल्याला वाटतं तेवढं झटपट नसतं. २००१ मध्ये फिनिक्समध्ये एका सुपरमार्केटच्या आगीत एक फायरफायटर आत हरवला, त्याची हवा संपली आणि तो गेला. त्यानंतर तिथल्या डिपार्टमेंटने सराव घेऊन घेऊन मोजलं की आत अडकलेल्या एका जवानाला बाहेर काढायला किती लोक लागतात. उत्तर आलं १२. आणि वाचवायला जाणाऱ्या पाचांमधला एक स्वतःच अडचणीत येतो. दोघांची रेस्क्यू टीम दाराशी उभी करून जे निश्चिंत होतात, त्यांना हा आकडा ऐकवावा.

आता सरावाचं थोडं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सराव म्हणजे अंदाज. गेज बघायच्या आधी तोंडाने आकडा सांगायचा, मग बघायचं. पहिल्या आठवड्यात पोरं पन्नास-साठ बारने चुकतात आणि जवळजवळ नेहमी जास्तच सांगतात, म्हणजे आपल्याकडे आहे त्यापेक्षा जास्त हवा आहे असं माणसाला वाटत असतं. हळूहळू अंतर कमी होतं. मास्कवर काळा कागद लावून, डमी (माणसाच्या आकाराचा पुतळा) ओढून, शिडी चढून आल्यावर, भांडून झाल्यावर सुद्धा, कधीही विचारायचं, किती? गेज कधी बघायचं ह्याचेही ठरलेले प्रसंग ठेवतो, दार ओलांडलं की, मजला बदलला की, काम बदललं की, कोणी सापडलं की. नुसतं दर काही मिनिटांनी बघा म्हटलं तर कोणी बघत नाही, आत घड्याळ कुठे चालतं.

दुसरा सराव जरा कठीण, सिलेंडर पूर्ण संपवायचा. मोकळ्या स्वच्छ हवेत, ट्रेनर शेजारी, धूर नाही काही नाही. शिट्टी बारीक होत जाते, मग थांबते, मग एक श्वास अर्धाच येतो आणि मास्क तोंडाला चिकटतो. दणकट दणकट पोरांचे हात त्या क्षणी आपोआप मास्ककडे जातात. तो हात जातो हे त्यांनी स्वतः बघावं म्हणून हा सराव. खऱ्या धुरात तो हात गेला तर संपलं, कार्बन मोनॉक्साइड एक टक्क्याच्या वर असलेल्या हवेत दोन-तीन श्वासात शुद्ध जाते. मग तिथून पुढे काय करायचं, मेडे, म्हणजे रेडिओवरची मदतीची हाक, कधी द्यायचा (हवा आहे तोवर, संपल्यावर नाही), खाली कसं झोपायचं, हालचाल कशी कमी करायची, मदतीचा अलार्म हाताने कसा चालू करायचा, हे शिकवलं की ते डोक्यात राहतं कारण चिकटलेला मास्क आठवत असतो.

बारीकसारीक गोष्टीही आहेत ज्या कोणाला हिरोगिरी वाटत नाहीत. सिलेंडर २७० वर आलाय तरी चालवून घ्यायचा, हे नको, ते तीस बार म्हणजे दोनशे लिटर. दाढीचे खुंट असले की मास्क नीट बसत नाही, सेट पॉझिटिव्ह प्रेशरचा, म्हणजे मास्कच्या आत दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त, असल्यामुळे धूर सहजी आत येत नाही हे खरं, पण हवा कडेने बाहेर जात राहते आणि तुम्ही न घेतलेल्या श्वासाचं बिल गेजवर येतं. दाढीवरून वाद दर बॅचला होतो. मी वाद घालत नाही, दाढीवाल्याला आणि बिनदाढीवाल्याला शेजारी बसवून लीक टेस्ट घेतो.

नव्या सेटमध्ये आता मास्कच्या आतच रंगीत दिवे येतात, काहींमध्ये प्रेशर थेट बाहेरच्या बोर्डवर दिसतं. मी ह्याच्या विरोधात अजिबात नाही, उलट लाजणाऱ्या पोराचा प्रश्नच सुटतो, आकडा फिरवायला जागा राहत नाही. फक्त एक बघितलंय, बाहेर स्क्रीन आली की आतला माणूस गेज बघणं सोडतो, बाहेरचे सांगतील म्हणतो, आणि जाड भिंतीमागे गेलं की सिग्नल पण जाऊ शकतो.

प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी हेही विचारतं की सर, मोठा सिलेंडर का नाही देत, किंवा दोन? देता येतात, काही कामांना, बोगद्यात वगैरे, वापरतातही. पण वजन वाढलं की हवा जास्त लागते, आणि माणूस जास्त आत जातो. शिवाय हवा पुरली तरी शरीर पुरतंच असं नाही, त्या सूटमध्ये अंगाची उष्णता बाहेर जायला वाट नसते, अर्ध्या तासात माणूस आतून शिजायला लागतो, त्याला हवेचं गेज आहे, उष्णतेचं नाही.

ह्या बॅचपासून परीक्षेत एक बदल केलाय. शोधमोहिमेत डमी सापडला की मार्क, हे आधी होतं, ते आहेच, पण ठरलेल्या बारला मागे फिरलेल्या टीमला डमी न सापडताही पास व्हायला पुरतील एवढे मार्क ठेवलेत, आणि डमी घेऊन शिट्टी वाजवत बाहेर आलेली टीम नापास. दोन सिनियर ट्रेनरना हे अजिबात पटलेलं नाही, त्यांचं म्हणणं की अशाने पोरं घाबरट होतील, खऱ्या आगीत माणूस आत असताना हिशोब करत बसतील. त्यांचा मुद्दा मला पूर्ण खोडता आलेला नाही. ह्या पोरांचे पहिले काही कॉल होऊ द्या, मग परत बसून बोलू असं ठरलंय.